अपूर्णांकाची रेघ आणि शाईतली हवा

जूनचा तिसरा आठवडा. शाळा उघडून चार-पाच दिवस झाले होते आणि पाचवीच्या लेकरांना अपूर्णांकांची उजळणी म्हणून मी घरच्या प्रिंटरवर काढलेले कागद वाटले होते. अपूर्णांक वाचायचा आणि शेजारच्या चौकटीत तेवढा भाग रंगवायचा, एवढंच काम. मागं बसलेल्या एका पोरीनं रंगपेटी उघडलीच नव्हती. पहिल्या गणितापुढं तिनं ठसठशीत ७ लिहून ठेवला होता.

"सात कुठून आणलंस गं?"

"उभी बेरीज हाये ना, सर. तीन अन् चार."

कागद हातात घेतला. वर ३, खाली ४, मधली रेघच नाही. समोर जे छापलेलं होतं ते तिनं बरोबर सोडवलं होतं.

मी अंबड तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. प्रिंटर माझा स्वतःचा, घरी ठेवलेला, शाईच्या टाक्यांचा, चार रंगांचा. आमच्या लेकरांच्या घरी बाजारातली सरावाची पुस्तकं येत नाहीत, म्हणून तीन वर्षांपूर्वी तो घेतला. त्या दिवशी सगळे कागद परत गोळा केले आणि रेघा हातानं मारून पुन्हा वाटले. संध्याकाळी घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी प्रिंटर चालू केला. पुढच्या तीन दिवसांत काय काय केलं, कुठं चुकलो आणि शेवटी काय सापडलं ते सगळं लिहून ठेवतो. घरी छापणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकांना त्यातलं काही ना काही उपयोगी पडेल.

आधी रेघच का गेली ते सांगतो, कारण मराठी छापणाऱ्याला हे माहीत असायलाच पाहिजे. प्रिंटरचं हेड कागदावरून डावी-उजवीकडं पळतं आणि त्याच्या पोटाला नोझलांची, म्हणजे शाई सोडणाऱ्या छिद्रांची, रांग असते ती कागद सरकतो त्या दिशेनं, म्हणजे उभी. प्रत्येक नोझल केसाहून बारीक. एक नोझल बंद पडलं की हेड जिथून जिथून जाईल तिथं एक बारीक आडवी पट्टी कोरी राहते. शेजारचं दुसरंही बंद पडलं की पट्टी रुंद होते. आता आपल्या लिपीत काय काय आडवं आहे ते बघा. शिरोरेषा आडवी. गणितात वजाबाकीची खूण, बरोबरची खूण, अपूर्णांकाची रेघ, सगळं आडवं. शाई वाचावी म्हणून मी ड्राफ्टमध्ये छापतो. चांगल्या प्रतीच्या छपाईत हेड त्याच जागेवरून एकापेक्षा जास्त वेळा जातं आणि एका नोझलाची उणीव दुसरं भरून काढतं. ड्राफ्टमध्ये तो आधार नसतो. त्यामुळं आकडे शाबूत राहिले आणि त्यांच्यामधली रेघ तेवढी गेली.

आता माझी चूक. प्रिंटर चालू करून मी सरळ हेड क्लीनिंग लावलं. नोझल चेक काढला, म्हणजे कुठलं नोझल चालतं ते दाखवणारी छोट्या रेघांच्या तुकड्यांची जाळी छापली; काळ्यात पाच-सहा तुकडे गायब. परत क्लीनिंग. परत चेक. तुकडे आता दुसऱ्याच जागी गायब, आणि आधीपेक्षा जास्त. परत क्लीनिंग. असं सहा वेळा केलं. सहाव्या चेकवर काळ्याची जेमतेम निम्मी जाळी उमटली होती आणि टाकीतली पातळी डोळ्यांना दिसेल इतकी खाली गेली होती. क्लीनिंग म्हणजे प्रिंटर खालून पंपानं शाई ओढून घेतो आणि ती शाई तळाच्या स्पंजात जाते. परत मिळत नाही. एका संध्याकाळी मी किती कागदांची शाई त्या स्पंजात घातली याचा विचार केला की अजून जीव हळहळतो.

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, हेड गेलंय, बदलावं लागेल. खर्च सांगितला तो नव्या प्रिंटरच्या जवळजवळ निम्मा. मशीन बघितल्याशिवाय हेड गेलं असं ठरवणं मला पटलं नाही, पण माझ्याकडंही दुसरं उत्तर नव्हतं.

रविवारी आबा आले, माझे वडील. गावाकडं आमची मोसंबीची बाग आहे, सगळी ठिबकवर. अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात मोसंबी करणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य ड्रिपर उघडण्यात जातं. विहिरीचं-बोअरचं पाणी जड, क्षार साचतात, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. मी प्रिंटरचं वरचं झाकण उचलून बसलो होतो. आबा शेजारी खुर्ची ओढून बसले.

"काय करू राह्यला?"

"शाई येईना गेलीय, आबा. नोझलं बुजलीत."

"बुजली कशावरून?"

मी सहा कागद त्यांच्यापुढं ठेवले. आबांनी ते जमिनीवर ओळीनं मांडले, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बुजलेला ड्रिपर जागचा हलत नाही बाळा. काल तिसऱ्या झाडाचा बुजला तर आज बी तिसऱ्याचाच बुजलेला असंल. हे तर दर कागदावर येगळ्याच जागी. ही हवा हाये."

मी पुन्हा कागद बघितले. खरंच होतं. आणि मग मला वर्गातला गठ्ठा आठवला. शाळेच्या दप्तरातून तो काढला. लेकरांकडून परत घेतलेले बावीस कागद होते, वाटले तसेच ओळीनं गोळा केलेले, म्हणजे छापले त्याच क्रमानं. पहिल्या आठ-नऊ कागदांवर अपूर्णांकाची छापलेली रेघ स्वच्छ होती. दहाव्यावर फिकट. तेराव्यावर तुटक. पंधराव्यापासून पुढं नाहीच. नोझल वाळून बंद असतं तर पहिल्या कागदापासून रेघ गेली असती. इथं हेडाला शाई मिळत होती, पण जेवढी लागते तेवढी मागून पोचत नव्हती. उत्तर शाळेच्या दप्तरातच होतं आणि मी ते न वाचता बटण दाबत बसलो होतो.

टॉर्च धरून टाकीपासून हेडापर्यंत जाणाऱ्या चार नळ्या बघितल्या. माझ्या प्रिंटरमध्ये झाकण उचलल्यावर त्या दिसतात, अर्धपारदर्शक, चपट्या पट्ट्यासारख्या एकमेकींना लागून. तीन नळ्या भरलेल्या. काळीत एके ठिकाणी दोन बोटं रुंद पांढरा तुकडा आणि त्याच्यापुढं बारीक बारीक तीन-चार. आबांनी बोट ठेवलं. "ही बघ. लॅटरलनं हवा धरली." लॅटरल म्हणजे ठिबकची ड्रिपर बसवलेली नळी.

हवा कुठून आली तेही लगेच ध्यानात आलं. एप्रिलमध्ये परीक्षेच्या गडबडीत काळ्या टाकीची पातळी खालच्या रेषेखाली गेली होती. मला दिसत होतं. बाटली संपलेली, दुसऱ्या दिवशी पेपर, म्हणून आणखी चाळीसेक कागद तसेच काढले. ती खालची रेषा शोभेला नसते. तिच्याखाली पातळी गेली की शाईबरोबर हवाही नळीत जाऊ शकते, आणि एकदा नळीत शिरलेली हवा टाकी भरल्यानं आपोआप बाहेर येत नाही.

हवेचं एवढं काय, असं वाटेल. माझ्या प्रिंटरच्या हेडात पिझो स्फटिक आहेत. वीज मिळाली की स्फटिक किंचित वाकतो आणि समोरच्या सूक्ष्म कप्प्यातल्या शाईला धक्का देतो, नोझलातून थेंब सुटतो. शाई दबत नाही, म्हणून धक्का थेट थेंबापर्यंत पोचतो. कप्प्यात बुडबुडा असला की तो दबतो आणि परत फुगतो, धक्का तिथंच जिरतो, शाई जागची हलत नाही. विहिरीवरच्या मोटारीनं हवा धरली की ती नुसती फिरते आणि पाणी उचलत नाही, तसंच हे. आणि मी लागोपाठ क्लीनिंग करत होतो तेव्हा पंप खालून ओढत होता, म्हणजे नळीतली हवा मी स्वतःच हेडाच्या जवळ आणत होतो.

(दुसऱ्या जातीचे इंकजेट शाई तापवून थेंब उडवतात. त्याची गोष्ट मी सातवीच्या पोरांना सांगतो. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांच्यासमोर शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेलं सोल्डरिंगचं टोक चुकून लागलं आणि सुईतून शाई उडाली. त्यातून ते तंत्र निघालं. पोरं ही गोष्ट पुन्हा पुन्हा मागतात.)

हवा सापडली तरी एक गोष्ट जुळत नव्हती. सहा वेळा ओढूनही हवा हेडातून आरपार निघून का गेली नाही? पंपाची ओढच कमी पडत असावी. म्हणून कॅप बघायची ठरवली. उजव्या कोपऱ्यात हेड ज्या रबरी काठाच्या डबीवर जाऊन बसतं ती कॅप. हेड बसलं की ती त्याला झाकते, वाळू देत नाही, आणि क्लीनिंगच्या वेळी तिच्यातूनच पंप शाई ओढतो. रबराचा काठ हेडाला चिकटून बसला नाही तर दोन्ही कामं बिघडतात: एरवी हेड वाळतं आणि ओढताना बाहेरचीच हवा येते.

कॅप उघडी करायला हेड बाजूला न्यावं लागतं. कुलूप लागलेलं हेड हातानं रेटायचं नाही, मोडतं. मी एक कोरी झेरॉक्स लावली आणि हेड मधोमध आलं तेव्हा प्लग काढला. एरवी असं कधीच करू नये, कारण हेड उघड्यावर राहतं. फक्त या कामापुरतं, आणि काम उरकल्यावर लगेच वीज देऊन त्याला जागेवर जाऊ द्यायचं. मग हेड बोटानं अलगद डावीकडं सरकलं.

कॅपच्या रबरी काठावर वाळलेल्या शाईचा जाडसर थर होता आणि त्यात एक केस अडकलेला. आतला स्पंज वरून कडक. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणलेलं डिस्टिल्ड वॉटर घरात होतंच. तेच वापरलं. बोअरचं पाणी इथं अजिबात नको. जे क्षार ड्रिपर बुजवतात ते नोझल बुजवायला किती वेळ लावतील? चष्मा पुसायच्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याचा कोपरा भिजवून काठ पुसला. कापूस वापरला नाही, त्याचे तंतू मागं राहतात. शेजारची रबरी पट्टी, जी हेडाचं पोट पुसते, तीही पुसली. आणि कॅपच्या स्पंजात सिरिंजनं डिस्टिल्ड वॉटरचे दहा-बारा थेंब सोडले.

हे थेंब फक्त धुण्यासाठी नाहीत, त्यात तपासणीही आहे. हेड जागेवर जाऊ द्यायचं, एक क्लीनिंग करायचं आणि पुन्हा कॅप उघडून बघायचं. पाणी ओढलं गेलं असेल तर पंप आणि खालची नळी ठीक. माझं पाणी बरंचसं तसंच, काळसर होऊन उभं होतं. म्हणजे खालची वाटच बरीच तुंबलेली. सिरिंजनं ते घाण पाणी काढून घेतलं, ताजे थेंब घातले, तासभर भिजू दिलं. तोवर आबांसोबत जेवलो. पुन्हा क्लीनिंग केलं, उघडलं, तर कॅप कोरडी. स्पंज नुसता ओलसर. त्या क्षणी मला हेड बदलावं लागणार नाही याची पहिल्यांदा खात्री वाटली.

मग काळी टाकी वरच्या रेषेपर्यंत भरली आणि प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद केला. पुस्तिकेत लिहिलंय की क्लीनिंगनं फरक पडला नाही तर प्रिंटर बंद करून निदान १२ तास थांबा. हे वाक्य मी आधी वाचलं होतं आणि वेळकाढूपणा समजून सोडून दिलं होतं. थांबण्यात खरं काम होतं: बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळतात, वर सरकतात, काही शाईत विरून जातात, आणि नोझलाच्या तोंडाशी वाळलेली शाई मागच्या ओल्या शाईनं सैल होते. सहा क्लीनिंग लागोपाठ करण्यापेक्षा एक क्लीनिंग आणि एक रात्र यानं जास्त साधतं.

सोमवारी पहाटे नोझल चेक काढला. काळ्यात फक्त चार तुकडे कमी. नळीतला मोठा हवेचा तुकडा मात्र तिथंच होता. तो काढायला संगणकावरून करायची जोरदार सफाई लागते, जी नळीसकट सगळी शाई नव्यानं भरून घेते. ती करण्याआधी प्रत्येक टाकी निदान एक तृतीयांश भरलेली असावी लागते, नाहीतर ती सफाईच नळीत हवा भरते. माझी पिवळी टाकी त्याच्या काठावर होती, म्हणून आधी तीही भरली. सफाई चालू असताना टॉर्च धरून बघत होतो. काळ्या नळीतला पांढरा तुकडा हळूहळू सरकत हेडाकडं गेला आणि दिसेनासा झाला. चेक काढला. काळी जाळी शेवटच्या तुकड्यापर्यंत पूर्ण.

त्याच सकाळी अपूर्णांकांचा कागद पुन्हा काढला. या वेळी बावीसही कागद एकेक करून डोळ्यांखालून घातले आणि मगच दप्तरात ठेवले.

बाकीचे बिघाड माझ्याकडं झाले नाहीत, पण शेजारपाजारच्या प्रिंटरांवर पाहिलेत, ते थोडक्यात सांगतो. तुकडे दर वेळी त्याच जागी गायब असतील तर ते वाळलेलं नोझल; काळ्यात हे जास्त होतं, कारण बऱ्याच प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते, तिच्यात रंगाचे कण तरंगतात आणि वाळले की घट्ट बसतात. रंगीत शाई डायची, ती पाण्यात परत विरघळते. एकाच वेळी चारही रंग गेले तर नोझलांच्या मागं लागू नका, कॅप आणि पंप बघा. पिवळ्यात काळसर छटा यायला लागली तर कॅपमधली साचलेली शाई उलटी चढतेय, किंवा कुणीतरी चुकीची बाटली ओतलीय. ज्यांच्या कार्ट्रिजमध्येच हेड असतं त्या प्रिंटरांचं काम सोपं आहे: कार्ट्रिज काढून कोमट डिस्टिल्ड वॉटरनं ओलावलेल्या टिश्यू कागदावर तिचं तोंड काही सेकंद टेकवायचं. शाईचा पट्टा उमटला तर वाट मोकळी आहे.

तळाच्या स्पंजाचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. प्रिंटर प्रत्येक क्लीनिंगचा हिशोब ठेवतो आणि स्पंज भरत आला असं त्याला वाटलं की छपाई थांबवून दिवे लुकलुकवतो. मग कुणीतरी फुकटचं सॉफ्टवेअर पाठवतं, त्यानं आकडा शून्य होतो आणि प्रिंटर चालू होतो. आकडा शून्य झाला तरी स्पंज भरलेलाच राहतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी असंच केलं होतं. सहा-सात महिन्यांनी प्रिंटरखालून शाई वाहून टेबलावरच्या हजेरीपटावर गेली. स्पंज बदलून घ्या किंवा धुऊन वाळवून घ्या आणि मगच आकडा शून्य करा.

उन्हाळ्याबद्दल. माझी बाहेरची खोली पत्र्याची आहे. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४२-४३ वर जातो, हवा कोरडी ठाक, आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. पुस्तिकेत वापरासाठी १० ते ३५ अंश लिहिलंय. या सुट्टीत प्रिंटर पाच आठवडे त्या खोलीत, कॅपचा काठ नीट न बसलेल्या अवस्थेत, एकही कागद न छापता उभा होता. शाई पाण्याचीच असते. तिच्यात ग्लायकॉलसारखी ओल धरणारी द्रव्यं घालतात, पण उघड्या तोंडावर पाच आठवड्यांच्या कोरड्या झळांपुढं तीही किती टिकणार. आता प्रिंटर आतल्या स्लॅबच्या खोलीत, माठाच्या बाजूच्या भिंतीला ठेवलाय. लाइट गेली तर हेड मधेच अडकू नये म्हणून त्याची वायर इन्व्हर्टरला जोडली आहे. रात्री बोर्डाचं बटण बंद करायची माझ्या मायची सवय आहे. तिला एकदा हेड आणि कॅप उघडून दाखवली, तेव्हापासून ती आधी प्रिंटरचं बटण दाबून दिवा विझायची वाट बघते आणि मगच बोर्डाला हात लावते.

दर शनिवारी एक रंगीत कागद काढतो, चारही रंग लागतील असा. बहुतेक वेळा पहिलीच्या लेकरांसाठी फळांची चित्रं असतात, त्यात मोसंबी असतेच. चित्रामागं त्याच दिवसाचा नोझल चेक छापून, तारीख घालून, एक प्रत वहीत चिकटवतो. आता चौदा पानं झालीत. आबा आले की ती वही मागून घेतात आणि पहिल्या पानापासून उलटत जातात.

गेल्या शनिवारच्या चेकमध्ये पिवळ्यात एक तुकडा नव्हता. आधीच्या पानावर बघितलं, तर तिथंही नेमका तोच नाही. म्हणजे वाळलेलं नोझल आहे, हवा नाही. एका पिवळ्या नोझलानं कागदावर काही दिसत नाही, आणि त्याच्यासाठी क्लीनिंग केलं तर चारही टाक्यांतली शाई स्पंजात जाईल. तो तसाच ठेवलाय. पुढच्या शनिवारी शेजारचा तुकडाही गेला तर मग कॅप उघडून बघेन.